शुगरचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नसतील तर काय करावं

लॅबमध्ये रक्त काढता काढता माझी एकवीस वर्षं गेली. "तीन महिन्यांची शुगर केली की झालं, बाकीच्या दोन कशाला?" हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सांगणारा बहुधा शेजारी असतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप. तिन्ही तपासण्या वेगवेगळी गोष्ट सांगतात, म्हणून तिन्ही समोर ठेवूनच वाचायच्या.

१. उपाशीपोटीची. किमान ८ तास पाण्याखेरीज काही नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. रक्त घरी येऊन घेत असतील तर करड्या टोपणाची ट्यूब आहे का, ते बघा. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खातच राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. असं रक्त दुपारी लॅबला पोचलं की रिपोर्ट उगाच छान येतो.

२. जेवणानंतरची. २ तासांचं घड्याळ पहिल्या घासाला लावा, हात धुतल्यावर नाही. त्या दिवशी मुद्दाम अर्धी भाकरी खाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

३. एचबीए१सी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर. केव्हाही द्या, उपाशी राहायची गरज नाही.

४. आता आकडे. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर, ही मधुमेहाची हद्द. १०० ते १२५, १४० ते १९९ आणि ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. ग्लुकोजऐवजी घरचं जेवण घेतलं असेल तर त्या आकड्यावर एकट्यावर निदान करत नाहीत.

५. जुळवणी. इथे मी स्वतः आपटलो आहे, म्हणून सावकाश वाचा.

माझ्या थोरल्या वहिनींची एचबीए१सी ६.६ आली. उपाशीपोटी ९४, जेवणानंतर १२६. मी शहाणा! म्हटलं, तीन महिन्यांचा हिशोब एका दिवसाच्या आकड्यापेक्षा खराच असणार. त्यांचा भात बंद केला, सणाची पुरणपोळीसुद्धा. त्यांना दम लागायचा, चेहरा पांढराफटक पडला होता, ते मात्र मला दिसलं नाही. शेवटी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन करायला लावलं. ८.२ निघालं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तोही तळाला. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि चार महिन्यांनी तीच एचबीए१सी ५.८ वर उतरली.

कारण साधं आहे. एचबीए१सी साखर मोजतच नाही, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यावरून आपण मागच्या महिन्यांचा अंदाज बांधतो. पेशींचंच गणित बिघडलं की अंदाजही बिघडतो. लोह कमी असलं की आकडा खोटा वर जातो. पेशी लवकर मरत असतील तर खोटा खाली येतो. सिकलसेलच्या आजारात हेच होतं. हा आजार जास्त आढळतो त्या गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या लोकांनी तर हे आधी विचारावं. नुकतंच रक्त चढवलं असेल, मोठा रक्तस्राव झाला असेल, डायलिसिस चालू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर निदानासाठी एचबीए१सीवर विसंबू नका.

पडताळा घरी करता येतो. एचबीए१सीला २८.७ ने गुणा, त्यातून ४६.७ वजा करा. ही झाली दिवसरात्रीची सरासरी साखर. ६.६ ला ती १४३ येते. वहिनींची जेवणानंतरचीही साखर १२६ च होती. मग सरासरी १४३ आणायला साखर चढली कधी? हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. तुम्ही विचारा, आणि लगेच हिमोग्लोबिन करून घ्या. त्याशिवाय एचबीए१सीचा रिपोर्ट हातात घेऊन निष्कर्ष काढूच नये, या मताचा मी झालो आहे.

तरीही शंका उरली तर डॉक्टर फ्रुक्टोसामाइन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची तपासणी, सांगतात. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते. पण लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृताचा आजार असेल तर तीही फसवते.

६. रक्तात दोष नाही, तरी एक तपासणी हद्दीच्या वर आणि दुसरी खाली? मग जी वर गेली तीच पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये. तीन लॅब फिरून सगळ्यात गोड वाटणारा रिपोर्ट निवडणारेही मी पाहिले आहेत.

७. घरचं ग्लुकोमीटर रोजच्या नोंदीपुरतं ठेवा, निदानाला नको. १५ टक्के इकडेतिकडे झालं तरी ते यंत्र नियमात बसतं, म्हणजे खरी साखर १२० असताना ते १३८ दाखवू शकतं.