डासांच्या अळ्यांची घरोघरी पाहणी कशी करावी

इंदूरच्या रामबागेतील रहिवाशांना डेंग्यूविषयक संशोधनाला हातभार लावायचा असेल, तर नगर निगमाच्या आरोग्य विभागाशी आणि वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांशी बोलून नोंदीचा नमुना आधीच ठरवून घ्यावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून साधारण ७ ते १० दिवसांत तयार होतो, म्हणून पावसाळ्यात पाहणी दर आठवड्याला करावी.

कूलरच्या टाकीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि कुंडीखालच्या बशीत बॅटरीचा उजेड तिरपा टाकावा. पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लटकलेली अळी उजेड पडताच वळवळत तळाशी जाते. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात; कडा घासूनच काढाव्यात.

ज्या घरांत अळ्या आढळल्या नाहीत, तीही न चुकता नोंदवावीत. माझ्या मते हीच नोंद सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्यावाचून प्रमाण काढता येत नाही: ५० पैकी ४ घरांत अळ्या सापडल्या, तर गृहनिर्देशांक, म्हणजे अळ्या आढळलेल्या घरांची टक्केवारी, ८ येतो. घरमालकाची संमती घ्यावी, आणि तक्ता देताना नावांऐवजी क्रमांक लिहावेत.