मेणबत्तीच्या उजेडात मंगल परिणय करायचा असेल तर

आपल्या मंगल परिणयात, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या लग्नात, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लागतेच, त्यामुळे अख्खं लग्न मेणबत्तीच्या उजेडात करणं आपल्याला परकं नाहीच. मागच्या डिसेंबरात मावसबहिणीचं असं केलं, लॉनवर, त्यावरून सांगते.

पहिले महिना ठरवा. मे मध्ये नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, साधं मेण 50-60 डिग्रीला वितळत असलं तरी मऊ आधीच पडतं आणि दुपारी मांडलेल्या मेणबत्त्या संध्याकाळी वाकलेल्या दिसतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीच घ्या. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, तर पत्रिकेत साडेसहा टाका.

खरी अडचण हवेची. आम्ही उघड्या मेणबत्त्या लावून पाहिल्या तर पाच मिनिटांत निम्म्या विझल्या! मग उंच काचेचे ग्लास आणले, तळाशी दोन बोटं रेती, मेणबत्ती काठाच्या बरीच खाली, आणि एकही विझली नाही. मेणबत्त्या नागपूरच्या इतवारी बाजारात होलसेलमध्ये घ्या, टी-लाइट (छोट्या वाटीतली मेणबत्ती) साधारण चार तास चालते, थोड्या जास्तीच्या ठेवा. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला ट्रायल घ्याच.

आगीचं मात्र मनावर घ्या. येण्याजाण्याच्या वाटेवर खाली काही मांडू नका, सिंथेटिक साडीचा पदर पटकन पेट घेतो, मंडपाच्या झालरीपासूनही लांब. डेकोरेटर म्हणेल "होते ना ताई, टेंशन नका घेऊ", तरी रेतीच्या बादल्या आणि फक्त याच कामाला दोन पोरं ठेवा, 101 नंबर त्यांना पाठ पाहिजे.

लाईट पूर्ण बंद नका करू, आजी-आजोबांना पायऱ्या दिसल्या पाहिजेत. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांशी आधी बोलून ठेवा, प्रतिमेपुढची मेणबत्ती लागली की बाकी लाईट मंद, मग त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, हार, आशीर्वादाच्या गाथा, हे सगळं त्याच उजेडात, आणि नंतर जेवणाला भरपूर लाईट. माझ्या मते एवढा अर्धा तासच जपायचा, त्या एका ज्योतीकडे सगळ्यांची नजर जाते ना, ते फार सुंदर वाटतं. फोटोवाल्याला सांगा, तेवढ्या वेळात फ्लॅश नको.

पांढऱ्या साडीवर मेण सांडलंच तर घासू नका, घट्ट होऊ द्या, हलकेच खरवडा, मग वरखाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो.