झांझिबारमध्ये बस्तान बसवताना

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त पूर्व आफ्रिकेतील टांझानियाच्या झांझिबारमधील उंगुजा बेटावर दीर्घकाळ राहणाऱ्याने सर्वांत आधी तिथली वेळ समजून घ्यावी. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे 6 अंशांवर असल्यामुळे सूर्योदय बाराही महिने सहा-साडेसहाच्या आसपास होतो आणि स्वाहिली या तिथल्या भाषेत तास तिथूनच मोजले जातात. त्यामुळे आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास, आणि दुपारचे 12 म्हणजे ‘सा सिता’, सहावा. प्लंबरने सकाळी ‘सा तातू’ला, म्हणजे तिसऱ्या तासाला, येतो असे सांगितले, तर त्याची वाट 9 वाजता पाहावी. तोंडी ठरलेली वेळ घड्याळावर बोट ठेवून पक्की करून घेतलेली बरी.

वडीलधाऱ्यांना भेटताच ‘शिकामो’ असे आदराचे अभिवादन करावे, त्यावर ‘मराहाबा’ असे उत्तर येते. तब्येतीची, घरच्यांची चौकशी झाल्यावाचून कामाचे बोलणे तिथे उद्धटपणाचे वाटते, आणि माझ्या मते ही दोन मिनिटे वाचवू पाहणाऱ्याची कामेच अधिक रखडतात. कोणाच्या दारात गेल्यास ‘होडी’ अशी हाक द्यावी व आतून ‘करीबू’ ऐकू आल्यावरच उंबरा ओलांडावा.

दाराजानी बाजारात टोमॅटो, कांदे, मिरच्या ‘फुंगू’ने, म्हणजे वाटे लावून विकतात; प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने कापडी पिशवी सोबत असावी. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: नारळाच्या दुधातला भात, घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि माठासारखी ‘म्चिचा’ ही पालेभाजी सर्वत्र मिळते, मात्र पुलाव बहुधा मांस घालूनच शिजवतात. नारळ खवण्याचे ‘म्बुझी’ म्हणजे दातेरी पाते बसवलेले, घडीचे बुटके लाकडी आसन. खोवणीवर हात बसलेल्या कोकणी माणसाला ते शिकवावे लागणार नाही.

बहुसंख्य लोक मुस्लिम असल्याने गावात वावरताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि रमजानात दिवसा चारचौघांत खाणेपिणे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, टाळावा.

घर पाहताना भाड्याआधी पाण्याची टाकी पाहावी. अनेक घरमालक सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे भाडे आगाऊ मागतात, तेव्हा तेवढी रक्कम हाताशी ठेवावी. विजेचा दाब आपल्यासारखाच असला, तरी भिंतीवरचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असते, म्हणून दोन-तीन अ‍ॅडॉप्टर भारतातूनच न्यावेत. मार्च ते मे या ‘मासिका’ पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना व चामड्याच्या वस्तूंना बुरशी धरते. ऊन पडेल त्या दिवशी त्या बाहेर काढाव्यात.