सापाची कात तुकड्यातुकड्यात निघायली? ओल्या टॉवेलचा डबा करा

परभणीच्या एप्रिल-मे मध्ये हवेत ओल राहतच नाही, त्यामुळं माझ्या कॉर्न स्नेकची (हा घरी पाळतात तो बिनविषारी साप) एरवी मोज्यासारखी अख्खी निघणारी कात तुकड्यातुकड्यात सुटून शेपटीला चिकटून राहायली होती.

१. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, आत कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल. पाणी २८-३० अंश बस झालं, हाताला गरम लागलं तर सापाला जास्तच.
२. साप अर्धा तास आत ठेवा, डबा उन्हात नको अन् तुम्ही जवळच बसा.
३. मग ओल्या टॉवेलची घडी मुठीत सैल धरून त्यातून त्याला सरकू द्या, कात तो स्वतःच घासून काढतो, आपण ओढायची नाही. शेपटीचं टोक नक्की बघा, तिथं कातीचं कडं राहिलं तर रक्त अडून टोक वाळतं.

डोळ्यावर राहिलेल्या कातीच्या पापुद्र्याला नख, चिमटा काहीच लावू नका, खालचा डोळा जातो. ओलीनं सुटला नाही तर सापांचं बघणाऱ्या पशुवैद्याकडं न्या.

अन् पुढच्या वेळी डोळे दुधाळ निळसर दिसले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की लगेच पिंजऱ्यात ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) छोटा डबा ठेवा, माझा तर त्यातच जाऊन बसतो.