नवी मुंबईत घर घेताय? भाडेपट्ट्याच्या जमिनीबाबत या चुका टाळा

नेरूळ, खारघर किंवा उलव्यात घर बघायला गेलात की एजंट कार्पेट एरिया सांगतो, पार्किंगचं सांगतो, स्टेशन पाच मिनिटांवर असल्याचंही सांगतो (ती पाच मिनिटं धावत मोजलेली असतात). इमारतीखालची जमीन कोणाची, हे तो सांगत नाही, कारण कोणी विचारतच नाही.

ती जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाची असते. १९७० साली सिडको स्थापन झाली, शासनाने शेतकऱ्यांकडून संपादित केलेली जमीन तिच्या ताब्यात आली आणि तेव्हापासून ती भूखंड विकत नाही, साधारणपणे साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे इथल्या प्रत्येक घराला कागदांच्या दोन माळा असतात. एक फ्लॅटची: बिल्डरकडून पहिल्या मालकाला, त्याच्याकडून दुसऱ्याला. दुसरी जमिनीची: सिडकोकडून बिल्डरला, आणि सगळं सुरळीत झालं असेल तर पुढे सोसायटीला. पहिली माळ सगळे तपासतात. घोळ निघतात ते दुसऱ्या माळेत. मी वकील नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून काही वर्षं या फायली डोक्यावर घेऊन बेलापूरच्या सिडको कार्यालयाच्या चकरा मारल्या आहेत, एवढंच.

साठ वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. 'मी २०२६ मध्ये घेतोय, म्हणजे २०८६ पर्यंत काळजी नाही.' असं नसतं. सिडकोने मूळ पट्टेदाराशी जो करार केला, त्यात लिहिलेल्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. मधे घर चार हातांतून गेलं तरी ते पुन्हा शून्यावर येत नाही. भूखंडाचा करार १९८४ चा असेल तर मुदत २०४४ ला संपते. आज वीस वर्षांचं कर्ज घ्यायला गेलात तर हप्ते २०४६ पर्यंत चालणार, म्हणजे पट्टा संपल्यावरही दोन वर्षं. बँकेच्या वकिलाच्या हे लगेच लक्षात येतं, पण तोवर तुमचं टोकन, म्हणजे बयाणा, विक्रेत्याच्या खात्यात गेलेलं असतं.

म्हणून टोकन देण्याआधी मूळ करारनाम्याची प्रत मागा आणि तारीख स्वतः वाचा. विक्रेता 'बघू, सोसायटीत असेल' म्हणाला तर सोसायटीत जाऊन बघा. टोकनच्या पावतीवर एक वाक्य घालून घ्या: भाडेपट्ट्याच्या कारणावरून कर्ज नाकारलं गेलं तर रक्कम परत. प्रामाणिक विक्रेत्याला यात अडचण नसते.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी कोणी दाराला कुलूप लावायला येत नाही. पण नूतनीकरण आपोआपही होत नाही. त्या वेळच्या अटी आणि त्या वेळचा प्रीमियम, दोन्ही मान्य करावे लागतात. घराच्या किमतीची घासाघीस करताना हा मुद्दा टेबलावर ठेवायला संकोचू नका.

याच मुद्द्यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'आता सगळं फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचं होणार आहे.' अशा घोषणा एकदा नव्हे, अनेकदा झाल्या आहेत. बातमीच्या जोरावर जास्त भाव देऊ नका. त्या विशिष्ट भूखंडाचा नोंदणीकृत कागद बदलेपर्यंत जमीन भाडेपट्ट्याचीच. ८ मार्च २०१९ चे वर्ग-२ (विक्रीवर बंधनं असलेल्या) आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग-१ (बंधनमुक्त) करण्याचे नियम काहीजण दाखवतात. ते महसूल खात्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या जमिनींचे आहेत. सिडकोच्या भूखंडासाठी ते घेऊन तहसीलदाराकडे जाण्यात दिवस फुकट जातो.

सोसायटीची ना-हरकत मिळाली, म्हणजे झालं

सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवते. जमीनमालक वेगळा आहे. मूळ करारात सिडकोच्या पूर्वपरवानगीची अट असेल तर तिथला अर्ज, तिथलं हस्तांतरण शुल्क आणि तिथला आदेश हे स्वतंत्र काम आहे. सोसायटीच्या हस्तांतरण प्रीमियमला २००१ च्या शासकीय परिपत्रकाने २५ हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. सिडकोच्या शुल्काचा तिच्याशी काही संबंध नाही. दोन्ही रकमा कोण भरणार, हे विक्रीकरारात नाव घालून लिहा. 'इतर खर्च खरेदीदाराचा' अशा मोघम वाक्यात लाखांचा फरक लपलेला असतो.

महापालिकेची मालमत्ता कराची पावती नावावर झाली की लोक निर्धास्त होतात. पालिका जो सापडेल त्याच्याकडून कर घेते. त्या पावतीने पट्टा तुमच्या नावावर होत नाही.

मुखत्यारपत्रावर घेतलेली बैठी घरं

सिडकोने बांधलेल्या बैठ्या घरांत आणि लहान फ्लॅटांत हा प्रकार मुरलेला आहे. मूळ लाभार्थ्याने विक्रीवरची बंधनं किंवा शुल्क टाळायला नोटरी केलेला करार आणि मुखत्यारपत्र करून घर दिलं. घेणाऱ्याने तसंच तिसऱ्याला दिलं. सिडकोच्या नोंदीत आजही पहिलंच नाव आहे. भाव बाजारापेक्षा बराच कमी असतो, म्हणून मोह होतो.

२०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विक्रीकरार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. नोंदणीकृत खरेदीखत हवं. दिल्लीत डीडीएच्या (तिथल्या विकास प्राधिकरणाच्या) घरांबाबत हीच पळवाट रूढ होती. त्यात आणखी एक गोम: मुखत्यारपत्र देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र त्याच्याबरोबर संपतं. मग पनवेलमधला दलाल 'माझ्याकडे पॉवर आहे' म्हणाला तरी ती पॉवर कोणाची?

आधीच असं घर घेऊन बसला असाल तर घाबरून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. पहिल्या वाटपपत्रापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार, पैसे दिल्याचे पुरावे, वीजबिलं तारखेप्रमाणे लावा. मूळ लाभार्थी हयात असेल तर आजच गाठा. त्याची सही दहा वर्षांनी त्याच्या पाच वारसांच्या सह्या होते. मग सिडकोच्या वसाहत विभागात नियमित करून घेण्याचा मार्ग लेखी विचारा. अशा घरांसाठी अधूनमधून अभय योजना आलेल्या आहेत. दंड भरावा लागेल, पण त्यानंतरचा कागद बँक हातात घेते.

बिल्डरने भाडेपट्टा केलाच नाही

हे आमच्याकडे घडलं, म्हणून जरा सविस्तर. सिडको बिल्डरशी आधी 'भाडेपट्ट्याचा करारनामा' करते. बांधकाम होईपर्यंत त्याला भूखंडावर जाऊन काम करण्याची परवानगी असते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर खरा भाडेपट्टा नोंदवायचा आणि हक्क सोसायटीकडे द्यायचा. आमच्या बिल्डरने फ्लॅट विकले, सोसायटी नोंदवून दिली आणि पुढच्या प्रकल्पाकडे निघून गेला. बारा वर्षांनी गळतीमुळे पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा कळलं की भूखंड कागदावर अजून त्याच्याच नावाने आहे. वर बांधकाम ठरलेल्या मुदतीत न झाल्याचा भाडेपट्ट्याचा अतिरिक्त आकार थकलेला. तो बिल्डरने भरायचा, हे खरं. पण काम आमचं अडलेलं, आणि फोन त्याने घेणं बंद केलेलं.

अशा वेळी १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्यातली मानीव अभिहस्तांतरणाची वाट असते, म्हणजे बिल्डरने न दिलेला हक्क सरकारी आदेशाने सोसायटीकडे येतो. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. लोक समजतात की यातून जमीन सोसायटीच्या मालकीची होते. बिल्डरकडे जे होतं तेच मिळतं, म्हणजे उरलेल्या वर्षांचा पट्टा. त्याच्याकडे फक्त करारनामाच असेल, तर सिडकोला आधीपासून पक्षकार करून थकबाकीचा आकडा लेखी मागवा. आम्ही तोंडी आकड्यावर विसंबून वर्गणी काढली, आणि नंतर दुसऱ्यांदा काढावी लागली. दुसऱ्या सभेत काय काय ऐकून घेतलं, ते जाऊ दे.

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याने सोसायटीच्या ऑफिसात विचारायचा प्रश्न एकच: 'भाडेपट्टा सोसायटीच्या नावावर नोंदला गेलाय का? इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) दाखवा.'

साडेबारा टक्क्यांचे भूखंड

१९८४ च्या जासई-दास्तानच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी रक्त सांडलं, त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. यातल्या इमारतींवर जमीनमालक कुटुंब, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार झालाय का, ते पाहा. नुसता कुटुंब आणि बिल्डर यांच्यातला करार असेल आणि एखाद्या चुलत्याची किंवा आत्याची सही राहिली असेल, तर भांडण थेट तुमच्या मजल्यापर्यंत येतं. उपनिबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा सर्च भूखंडाच्या नावाने घ्या, फ्लॅटच्या नव्हे.

वाढीव खोली आणि नॉमिनी

बाल्कनी आत घेणं, बैठ्या घरावर मजला चढवणं, तळमजल्यावर क्लिनिक काढणं हे पालिकेच्या नियमांबरोबर पट्ट्याच्या अटींचंही उल्लंघन असू शकतं. विकताना ते आडवं येतं.

पट्टेदार वारल्यावर नॉमिनी स्वतःला मालक समजतो, ही शेवटची चूक. उरलेल्या मुदतीचा हक्क वारसांना मिळतो. नॉमिनी सोसायटीशी व्यवहार करण्यापुरता. नाव बदलायला सगळ्या वारसांची संमती लागते, लग्न होऊन सांगलीला गेलेल्या बहिणीचीही. ती हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवायला लागतं. साध्या स्टॅम्प पेपरवर सही घेऊन तिला परत पाठवलं, तर पुढच्या खरेदीदाराचा वकील तिला पुन्हा बोलावतो.