दहा मिनिटं चालतं, मग चालत नाही: घरचा कॉम्प्युटर बाहेरून उठवताना

कॉम्प्युटर बंद केला. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलो, ॲपमधलं बटण दाबलं, आणि टेबलाखालचा पंखा घुं करून फिरायला लागला. जमलं! पुन्हा बंद केला, पुन्हा उठवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तेच बटण दाबलं, तर कॉम्प्युटर ढिम्म. संध्याकाळी घरी येऊन तपासायला बसलो, मशीन चालू करून बंद केली, बटण दाबलं, तर पुन्हा सुरळीत!

या लपंडावात माझे तीन शनिवार-रविवार गेले. तेव्हा मी नेटवर्किंग नुकतंच शिकायला लागलो होतो आणि सपोर्टच्या नोकरीत नवा होतो. सरावाच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले कॉम्प्युटर) घरच्या कॉम्प्युटरवर होत्या, आणि तो दिवसभर चालू ठेवणं पटत नव्हतं. वेक-ऑन-लॅनवरचे, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद कॉम्प्युटर उठवण्याच्या सोयीवरचे, लेख वाचून त्यातली प्रत्येक सेटिंग बदलत सुटलो, तिथेच चुकलो. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने बिघडलं हे कळत नाही, आणि चुकून चाललंच तर कशाने चाललं हेही कळत नाही.

त्यासाठी ॲप जो संदेश पाठवतं, ते मॅजिक पॅकेट म्हणजे नेमकं काय, हे मी आधी बघायला हवं होतं. चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने १९९५ साली मांडलेली ही कल्पना अगदी साधी आहे. आधी एफएफ हा बाइट सहा वेळा, मग ज्या मशीनला उठवायचं तिचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा सहा बाइटचा पत्ता) सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लाय स्टँडबायचा थोडा करंट देत असतो, त्यावर नेटवर्क कार्ड जागं राहतं आणि येणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे वायरवरच्या डेटाच्या तुकड्यात, हा नमुना शोधतं. सापडला की मदरबोर्डला ‘उठ’ म्हणून इशारा. कार्डाला आयपी ॲड्रेसशी (नेटवर्कने मशीनला दिलेला पत्ता) देणंघेणं नसतं, पोर्ट नंबरशीही (त्या पत्त्यावरच्या वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक) नसतं. म्हणून ‘पोर्ट ७ की ९’ या वादात वेळ घालवू नका, मी घालवला आहे.

या पॅकेटला पोच नसते. ॲपमध्ये ‘सेंट’ आलं की मला वाटायचं अर्धं काम झालं. ऑफिसातल्या सीनियरना सांगायला गेलो, तर त्यांनी स्क्रीनवरून नजरही न हलवता विचारलं, “पोचलं का?”

“सर, पाठवलंय.”

“ते तुझ्या फोनचं झालं. घरातल्या वायरवर आलेलं तू पाहिलंस का?”

पाहिलं नव्हतं. कुठे पाहायचं हेही माहीत नव्हतं.

मग सुरुवात उलट्या टोकाने केली, कॉम्प्युटरपासून बाहेर. तुम्हीही तसंच करा. राउटरला हात लावण्याआधी घरातल्या घरात, दुसऱ्या लॅपटॉपवरून, मशीन उठते का ते पाहा. तिथे उठत नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून एका पोर्टवर आलेलं पॅकेट राउटरने आतल्या मशीनकडे धाडणं) कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही.

या पहिल्या टप्प्याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे नेटवर्कच्या सॉकेटजवळचा दिवा. मी ऑफिसातून धाकट्या बहिणीला फोन केला आणि कॉम्प्युटरच्या मागे बघायला सांगितलं.

“दादा, अंधार आहे नुसता.”

“वायर लावलीय तिथे हिरवा-नारिंगी काही लुकलुकतंय का?”

“काहीच नाही. धूळ आहे फक्त.”

दिवा नाही म्हणजे कार्डाला वीज नाही, आणि वीज नाही तर ऐकणार कोण? बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘ईआरपी’ नावाची सेटिंग चालू निघाली. बंद उपकरणाने किती वीज खावी यावर युरोपात मर्यादा आहे, ती पाळण्यासाठी ही सेटिंग स्टँडबायचा करंट जवळजवळ तोडून टाकते. त्यात कार्डही झोपतं. काही बोर्डांवर हीच गोष्ट ‘डीप स्लीप’ नावाने असते. ती बंद केली, ‘पीसीआय-ई डिव्हाइसने (म्हणजे बोर्डाला जोडलेल्या कार्डाने) जागं होऊ दे’ अशा अर्थाची सेटिंग चालू केली, आणि त्या रात्री बंद कॉम्प्युटरच्या मागे पहिल्यांदा एक नारिंगी ठिपका दिसला. तोवर घरी पाहिलेली माझी सगळी यशं स्लीप मोडमधली होती, हेही तेव्हा लक्षात आलं. स्लीप आणि शटडाऊन यांत मी फरकच करत नव्हतो.

विंडोजवर आणखी एक काटा आहे, ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८ पासून ‘शटडाऊन’ म्हटलं की मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होते, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज कार्डाला जागं राहायला सांगत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. लिनक्सवाल्यांनी इथटूल ही कमांड चालवून ‘वेक-ऑन’ची ओळ बघावी. ‘जी’ असेल तर मॅजिक पॅकेट ऐकायला कार्ड तयार आहे, ‘डी’ असेल तर नाही. हाताने ‘जी’ केलेलं पुढच्या बूटला पुन्हा ‘डी’ होऊ शकतं, म्हणून ते नेटवर्क मॅनेजरच्या कनेक्शनमध्येच कायमचं लिहून ठेवा. मॅक ॲड्रेस उतरवताना वायरवाल्या कार्डाचाच घ्या. वायफायचा किंवा व्हर्च्युअल स्विचचा उचलला की पुढचं सगळं पाण्यात. मी पहिला आठवडा वायफायचाच मॅक वापरत होतो, हे इथे कबूल करून टाकतो.

इतकं झाल्यावर घरातून मशीन दर वेळी उठायला लागली. बाहेरून मात्र तेच, बंद केल्यावर थोडा वेळ चालायचं, मग नाही.

राउटरवर मी पोर्ट ९ यूडीपी (पोच न मागता पाठवण्याची पद्धत) कॉम्प्युटरच्या आयपीकडे, समजा १९२.१६८.१.२० कडे, फॉरवर्ड केला होता. तो आयपी राउटरमध्ये राखूनही ठेवला होता. मग बिनसत कुठे होतं? एका शनिवारी कॉम्प्युटर बंद करून तासभर थांबलो. घरच्या नेटवर्कवरच्या लॅपटॉपवर वायरशार्क, नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं आणि मोबाइल डेटावरून बटण दाबलं. मॅजिक पॅकेट दिसलं नाही. त्याच्या जागी एआरपीच्या (आयपीवरून मॅक शोधण्याची पद्धत) तीन ओळी आल्या, सेकंदाच्या अंतराने: ‘१९२.१६८.१.२० कोणाकडे आहे? १९२.१६८.१.१ ला (म्हणजे राउटरला) सांगा.’ मग शांतता.

त्या तीन ओळींत तीन आठवड्यांचं उत्तर होतं. पॅकेट राउटरपर्यंत पोचत होतं. पण आयपीवरून फ्रेम पाठवायची तर राउटरला मॅक ॲड्रेस लागतो, आणि तो त्याच्या एआरपीच्या तात्पुरत्या वहीत लिहिलेला असतो. कॉम्प्युटर नुकताच बंद झालेला असतो तोवर नोंद ताजी असते, म्हणून पॅकेट थेट कार्डावर जाऊन आदळतं. काही मिनिटांत नोंद शिळी होऊन पुसली जाते. मग राउटर घरभर हाक मारतो, ‘हा आयपी कोणाचा?’ बंद कॉम्प्युटर उत्तर देत नाही आणि राउटर पॅकेट टाकून देतो. मॅक त्या पॅकेटच्या पोटात सोळा वेळा लिहिलेला असतो, पण पोट उघडून बघणं राउटरचं काम नाही! स्लीपमध्ये असलेल्या मशीनची बरीच कार्डं एआरपीला स्वतःच उत्तर देतात, म्हणून ‘स्लीपमधून उठतो, शटडाऊनमधून नाही’ अशी तक्रार आली की माझा पहिला संशय आता इथेच जातो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे पोर्ट एका आयपीऐवजी ब्रॉडकास्ट ॲड्रेसकडे, १९२.१६८.१.२५५ कडे, फॉरवर्ड करायचा. ब्रॉडकास्ट सगळ्यांना जातो, त्यामुळे कोणाचा मॅक शोधायची गरज उरत नाही. पण बरेच घरगुती राउटर हा आकडा घेतच नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या सगळ्या मशीनवर फेकण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन नव्वदच्या दशकात स्मर्फ नावाचे हल्ले झाले. त्यानंतर १९९९ मध्ये राउटरनी असं फॉरवर्डिंग मुळात बंद ठेवावं असा नियम आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात लिहिला गेला.

दुसरा उपाय म्हणजे एआरपीची नोंद कायमची करणं. इथे नवशिके हमखास घसरतात. डीएचसीपीमध्ये, म्हणजे राउटरच्या आयपी वाटण्याच्या सोयीत, आयपी राखून ठेवला म्हणजे एआरपीची नोंद पक्की झाली असं नाही. पहिल्यात मशीन उठून आयपी मागेल तेव्हा कोणता द्यायचा एवढंच ठरतं. दुसऱ्यात ती झोपलेली असतानाही राउटरला पत्ता पाठ असतो. राउटरच्या मेनूत ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ किंवा ‘स्टॅटिक एआरपी’ शोधा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर ‘आयपी नेबर’ कमांडने कायमची नोंद करता येते, पण राउटर रीस्टार्ट झाला की ती जाते, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. माझ्या राउटरला ती सोय होती. बाइंडिंग केलं, रात्रभर कॉम्प्युटर बंद ठेवला, सकाळी बसमधून बटण दाबलं आणि बहिणीला फोन लावला. “दादा, झोपू दे ना,” म्हणाली, पण मागे पंखा ऐकू येत होता.

पुढे कामावर हीच तक्रार मी इतरांसाठी सोडवायला लागलो, तेव्हा कळलं की अनेकांचं पॅकेट राउटरपर्यंत येतच नाही. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला) आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी जुळतो का, हे पाहा. वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही कॅरियर ग्रेड नॅटच्या मागे आहात, म्हणजे सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी दिला आहे. २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून इमारतीचं फाटक बंद असणं. सेवा देणाऱ्याकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर वेगळी वाट धरा. आणि पोर्ट उघडा आहे का हे तपासणाऱ्या साइटचं इथे मनावर घेऊ नका. त्या बहुतेक टीसीपी (पोच घेऊन पाठवण्याची पद्धत) तपासतात, आपलं काम यूडीपीचं. उघडा असला तरी बंद कॉम्प्युटर त्यांना काय उत्तर देणार?

वेगळी वाट मी स्वतःही शेवटी धरली. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, कायम चालू असतो. बाहेरून वायरगार्डने (हे व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा सुरक्षित बोगदा) त्यावर जातो आणि पॅकेट त्याच्यावरूनच पाठवतो. वायरगार्डच्या बोगद्यातून ब्रॉडकास्ट जात नाही, म्हणून पॅकेट फोनवरून न पाठवता घरातल्या त्या यंत्रावरून पाठवायचं. वायरगार्डचा एक पोर्ट सोडला तर राउटरवर बाकी काही उघडं नाही. उठवल्यावर रिमोट डेस्कटॉप लागतो म्हणून काही जण त्याचा ३३८९ पोर्टही थेट इंटरनेटवर उघडतात. तेवढं कृपया करू नका. कॅरियर नॅट असेल तर रास्पबेरी पायने आतून बाहेर जोडणी करावी लागते, टेलस्केलसारखी सोय त्यासाठी बरी पडते.

हे सगळं बसल्यावर महिन्याभराने बहिणीचा फोन आला. “दादा, तुझा कॉम्प्युटर रात्री दोन वाजता आपोआप सुरू झाला. मी घाबरले ना!” त्या दिवशी मी तो शटडाऊन न करता स्लीपवर ठेवला होता. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांड ‘लास्टवेक’ लावून चालवली, तर जागं करणाऱ्याच्या जागी नेटवर्क कार्डाचंच नाव. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव’ ही खूण करायची मी विसरलो होतो, त्यामुळे घरातलं दुसरं कुठलंही यंत्र त्याच्याशी बोलायला गेलं तरी तो उठून बसत होता. खूण केली. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.