चौदा वर्षांनी परत असाइनमेंट आणि ग्रुप प्रोजेक्ट करायचाय? असं करा

मी चौदा वर्षं बँकेत काढली आणि मग एम.ए. अर्थशास्त्राला ॲडमिशन घेतली. पहिली असाइनमेंट परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेनाने चार ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता, "कशावरून?" मला आधी रागच आला, कारण ऑफिसात आपण "ब्रांचवर लोड वाढलाय" असं मेलमध्ये ठोकून देतो आणि सगळे माना डोलावतात, पुरावा कोण मागतंय. इथे मागतात. परत शिकायला आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त नडते ती ही नोकरीत लागलेली सवय, स्पीड आणि शुद्धलेखन वगैरे नंतर बघता येतं.

लिहायच्या आधी

प्रश्नातलं क्रियापद बघा. "वर्णन करा" असेल तर काय आहे ते सांगितलं की झालं. "तुलना करा" म्हटलं असेल तर आधी एकाबद्दल पानभर आणि मग दुसऱ्याबद्दल पानभर असं नाही करायचं, एकेक मुद्दा घ्यायचा आणि दोन्हीकडे काय होतं ते सांगायचं. "टीकात्मक परीक्षण" म्हणजे शिव्या घालणं नाही हो, बाजूने काय, विरोधात काय आणि तुम्हाला कुठलं पटतं आणि का. मार्कांची विभागणी पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. इग्नू या मुक्त विद्यापीठात बऱ्याच कोर्सेसमध्ये असाइनमेंटला 30 टक्के वेटेज असतं, आणि लोक ते आदल्या रात्री उरकतात.

मग नमुना बघा. शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही आहेत. आपल्या विषयाजवळचे दोन-तीन उघडायचे आणि फक्त पहिलं प्रकरण वाचायचं, मांडणी कशी केलीय ते बघायला. सगळेच काही भारी नसतात, तेही कळतं, आणि जरा धीर येतो.

नोट्स काढताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लेखक काय म्हणतो ते, नाव, वर्ष आणि पान नंबरसकट, आणि उजवीकडे तुम्हाला काय वाटतं ते. ही रेघ नसेल तर महिन्याने आपलं कुठलं आणि उचललेलं कुठलं तेच कळत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमात प्रबंधातलं दुसऱ्यांच्या लिखाणाशी असलेलं साम्य 10 टक्क्यांच्या वर गेलं की कारवाई सुरू होते, आणि 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होऊ शकतं. संदर्भ सांभाळायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ मात्र स्वतः शोधून, उघडून बघितल्याशिवाय टाकू नका, तो नसलेली पुस्तकंही बिनधास्त सांगतो.

एक परिच्छेद जवळून

आमचा प्रोजेक्ट भाजीवाले आणि यूपीआयवर होता. माझा पहिला ड्राफ्ट असा: "आजकाल भाजीवाल्यांकडेही यूपीआय सर्रास झालं आहे व त्यामुळे त्यांचा धंदा वाढला आहे." कशावरून? मग आम्ही दोन संध्याकाळी मंडईत गेलो, आणि नंतर लिहिलं: "आम्ही बारा विक्रेत्यांशी बोललो. क्यूआर कोड सगळ्यांकडे होता, पण सकाळी माल उचलायला रोखच लागते असं आठ जणांनी सांगितलं. त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं तरी रोकड जमवायचं काम विक्रेत्यावरच राहतं, असं या बारा जणांपुरतं दिसतं." त्यातलं "या बारा जणांपुरतं" हे महत्त्वाचं, सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली होती. यूपीआय 2016 ला आलं, दर महिन्याचे आकडे ते चालवणाऱ्या एनपीसीआयच्या साइटवर असतात, ते तिथूनच घ्यायचे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ग्राफवरून नाही.

सुचत नसेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं. मी पोळ्या लाटताना अर्धा ड्राफ्ट बोलून काढलाय, त्यात "अगं गॅस बारीक कर" पण टाइप झालं होतं, ते काढून टाकलं.

आता ग्रुप

आम्ही पाच जण, बाकीचे चौघं बावीस-तेवीसचे. आधी मला मॅम म्हणायचे, मग ताई. मी पहिल्याच मीटिंगला कामं वाटून टाकली, ऑफिसात वाटते तशी, आणि आठ दिवस ग्रुपवर शांतता, फक्त अंगठे. तर हे करू नका. कोणाला काय जमतं ते आधी विचारा, कामं त्यांनाच निवडू द्या, आणि तुम्ही एखादं कंटाळवाणं काम स्वतःकडे घ्या, मी तक्ते घेतले. ती मुलं रात्री एक वाजता काम करतात आणि आपण सकाळी सहाला, ते बदलायला जाऊ नका, फक्त एकच ऑनलाइन फाइल ठेवा, त्यात कोणी कधी काय बदललं ते दिसतं. प्रत्येक कामासमोर एक नाव आणि एक तारीख. "आपण सगळे मिळून करू" असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही.

मराठीत रिपोर्ट असेल तर टायपिंग युनिकोडमध्येच, हे पहिल्या दिवशी ठरवा. आमच्यातल्या एकाने त्याचं प्रकरण डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करून आणलं आणि आमच्याकडे ते उघडल्यावर नुसते ठिपके आणि इंग्रजी अक्षरांचा काला. सबमिशनला तीन दिवस. परत टाइप केलं, काय करणार.

कोणी गायब झालं तर ग्रुपवर टोमणे मारू नका. फोन करा आणि अगदी छोटं काम द्या, "तीन विक्रेत्यांचं बोलणं उद्या संध्याकाळपर्यंत टाइप करशील का?" एवढं. तेही झालं नाही तर गाईडना तेव्हाच सांगा, मार्क लागल्यावर सांगून काही उपयोग नसतो.

सगळं जोडून झालं की एकाने अख्खा रिपोर्ट मोठ्याने वाचायचा. एका प्रकरणात "सदरहू विक्रेता" आणि दुसऱ्यात "भाजीवाले काका" हे तेव्हाच कानाला खटकतं.

आणि प्रमाणपत्राच्या पानावर गाईडची सही आधी घ्या, मग बाइंडिंगला टाका. आम्ही उलटं केलं, सर सुट्टीवर निघाले होते, आणि बाइंडिंग केलेल्या पाच कॉप्या घेऊन आम्ही त्यांना स्टेशनवर गाठलं. गाडी सुटायला वीस मिनिटं होती, तीन कॉप्यांवर निळी शाई आहे आणि दोनवर काळी.